दोन लांब, एक आखूड

मंगळवारी सकाळी टेलिफोन वाजला तेव्हा ओटिलिया रीगरचे दोन्ही हात मीठ लावलेल्या कोबीत कोपरापर्यंत बुडालेले होते. दोन लांब घंटा, एक आखूड. म्हणजे फोन तिचा नव्हता, पाउलिना गेर्बरचा होता. ओटिलियाची खूण तीन आखूड. पण एकाच तारेवर अकरा घरं असली की घंटा अकराही घरांत वाजते, आणि घंटा वाजली की हात आपोआप पुसले जातात. तिने ते पुसले, भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बोटाने थांबवला, कारण तिच्या घड्याळाची टकटक साऱ्या तारेला ओळखीची होती. मग बोलायच्या भोंग्यावर फडकं धरून तिने कानाचा भोंगा अलगद उचलला.

यात तिला काही गैर वाटत नव्हतं. सगळ्याच ऐकत. त्याच तारेवरच्या फ्रीडाने भोंगा उचलला की मागून तिची कॅनरी ओरडे. पलीकडच्या घरातून रेडिओवरचे गव्हाचे भाव ऐकू येत. कोणी कधी बोलून न दाखवलेला नियम एकच होता: तारेवर कळलेलं, समोरच्याने स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत, आपल्याला माहीत नाही. कुणाच्या मुलीला दिवस गेलेत हे फोनवर ऐकलं तरी तिची आई चर्चच्या आवारात सांगेपर्यंत लोकरीचा गुंडासुद्धा विकत घ्यायचा नाही. सांगितल्यावर मात्र डोळे मोठे करून आश्चर्य वाटू द्यायचं. ते सगळ्यांना उत्तम जमे. नॉर्थ डकोटाच्या त्या सपाट मुलखात शेजारच्या घराचा धूर दिसतो, पण हाक पोचत नाही. तिथे या एका नियमावर शेजार टिकून होता.

या चोरून ऐकण्याची किंमत मात्र बोलणाऱ्याला मोजावी लागे. जितके भोंगे उचलले जात तितका तारेतला आवाज वाटला जाई. एकीने उचलला तर समजतही नसे. सात-आठ जणींनी उचलला की पलीकडचा माणूस विहिरीच्या तळाशी जाऊन बोलतोय असं वाटे.

त्या दिवशी मिस हालवर्सन विहिरीच्या तळाशी होती. ही जिल्ह्याची परिचारिका. सप्टेंबरात राज्याची क्ष-किरणांची बस जत्रेच्या मैदानावर आली तेव्हा तिनेच सगळ्यांना रांगेत उभं करून, थंड पत्र्याला छाती टेकवून श्वास रोखायला लावला होता.

"काय म्हणालात? ऐकू येत नाही हो," पाउलिना म्हणत होती. परिचारिकेने पुन्हा सांगितलं. पाउलिनाने पुन्हा विचारलं. शेवटी मिस हालवर्सन ओरडली, "डाव्या फुप्फुसावर डाग दिसतोय, गेर्बरबाई!"

अकरा घरांत शांतता पसरली. कॅनरीसुद्धा गप्प झाली, बहुतेक कुणीतरी तिच्यावर कापड टाकलं असावं.

बसमधली फिल्म छोटी असते, तिच्यावरून काही ठरत नाही, मोठी फिल्म काढायला गुरुवारी जिल्ह्याच्या गावी यावं लागेल, निकाल पुढच्या आठवड्याच्या शेवटी कळवीन, असं परिचारिकेने समजावलं. पाउलिना म्हणाली, "तोवर कुणाला सांगू नका. माझ्याकडे शाळेची बाई राहते. माझ्या नवऱ्यालाही मी सांगणार नाही. नक्की काय ते कळू दे आधी."

ओटिलियाने भोंगा ठेवला. लंबक पुन्हा हलवायचं ती विसरली. दुपारी तिचा नवरा राइनहोल्ड जेवायला आला आणि घड्याळ पाहून म्हणाला, "आज कुणाचं काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

काही नाही म्हणण्यासारखं ते नव्हतं. ओटिलियाची थोरली बहीण बेर्टा एकोणिसाव्या वर्षी उत्तरेकडच्या टेकड्यांवरच्या क्षयाच्या इस्पितळात गेली होती. ती परत आली ती मालगाडीच्या डब्यातून, शवपेटीत. आईने तिची गादी आवारात जाळली, आणि त्या धुराने जणू गावभर दवंडी पिटली. पुढे दोन वर्षं त्यांच्या घरी कुणी कॉफीला आलं नाही. येई फक्त शेजारच्या शेतावरची पाउलिना. ती तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. खुर्ची ओढून बसे, समोर येईल त्या कपातून पिई आणि ओटिलियाच्या वेण्या घालून देई. तिने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता, तेव्हाही नाही आणि नंतरच्या तीस वर्षांतही नाही.

ओटिलियाच्या मनात एका बाजूला ही पाउलिना होती. दुसऱ्या बाजूला तिची सून लॉरेन आणि आठ महिन्यांचं नातवंड. मुलगा कोरियात लढत होता. जाताना त्याने आईला सांगितलं होतं, सांभाळ यांना. पाउलिना त्या बाळाच्या गालांचे मुके घेतल्याशिवाय घरातून हलत नसे.

बुधवारी पाउलिना कोबी कापायची फळी परत द्यायला आली. ओटिलिया व्हरांड्यातच उभी राहिली. म्हणाली, "आत येऊ नकोस गं, फरशी ओली आहे." पाउलिनाने दारातून आत पाहिलं. फरशी कोरडी होती. तरी ती लगेच निघाली नाही. ज्याला काही सांगायचं असतं तो माणूस जितका वेळ उभा राहतो तितका वेळ ती उभी राहिली, फळीची धार अंगठ्याने चाचपत. ओटिलियाने यंदाच्या कोबीबद्दल सांगितलं. मग मिठाबद्दल सांगितलं. पाउलिना म्हणाली, "बरं, येते." तिची पाठ शेताच्या कडेला पोचेपर्यंत ओटिलिया पाहत राहिली. आपण तिला आत बसवलं असतं तर तिने आपल्याला सांगितलं असतं, हे तिला पक्कं कळत होतं. म्हणूनच बसवलं नाही, हेही कळत होतं.

रविवारी प्रभुभोजन होतं. त्यांच्या चर्चमध्ये ते वर्षातून चारदाच असे, आणि त्याची रीत त्यांच्या आज्यांनी रशियातल्या जर्मन खेड्यांतून जशीच्या तशी आणली होती. आधी पुरुष. मग बायका, वयाच्या क्रमाने. वेदीसमोरच्या कठड्यापाशी आठ-आठ जणी गुडघे टेकत. पास्टर एकाच चांदीच्या पेल्यातून प्रत्येकीला द्राक्षारस देत, कापडाने कड पुसत, पेला किंचित फिरवून पुढे सरकत. रोझीनाआजी ऐंशीची, ती पहिली. तिच्या बाजूला दोघी-तिघी म्हाताऱ्या, मग पाउलिना, मग ओटिलिया, मग फ्रीडासारख्या तरण्या. प्रत्येकीला आपल्या पुढे कोण आणि मागे कोण हे स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. लग्न होऊन या चर्चमध्ये आल्यापासून ओटिलिया पाउलिनानंतर प्यायली होती.

पुरुष परत आले. रोझीनाआजी काठी टेकत उठली. आणि तिच्याबरोबर फ्रीडा उठली.

फ्रीडा तिशीची. तिची पाळी दुसऱ्या गटाच्याही शेवटी. ती खाली मान घालून झपझप पुढे गेली. तिच्यामागे ब्रॉयरची सून उठली, मग तिची जाऊ, मग आणखी दोघी, मग एक जण बाकाच्या दुसऱ्या टोकाने. मधल्या वाटेत दोघींची खांद्याला खांदा लागून टक्कर झाली आणि एकीची टोपी वाकडी झाली. रोझीनाआजीला ऐकू येत नसे, म्हणून आपण किती मोठ्याने बोलतो याचा तिला पत्ता नसे. त्या शांततेत ती म्हणाली, "आज काय फुकट वाटतायत की काय?"

चर्चच्या दक्षिणेकडच्या बाकांवर दुसऱ्या तारेवरच्या बायका बसत. त्या आपापल्या जागी बसून होत्या आणि हा गोंधळ पाहत होत्या. त्यांना काही कळत नव्हतं, कारण त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. एक सोडून, जिने ऐकलं होतं ती प्रत्येक बाई आता कठड्यापाशी, पाउलिनाच्या पुढे, ओळीने गुडघे टेकून बसली होती. कुणी यादी मागितली असती तरी इतकी अचूक मिळाली नसती.

पाउलिना उठून उभी होती. तिच्या जागी फ्रीडा बसली होती. पाउलिनाने त्या पाठींकडे एक एक करून पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिने मागे वळून ओटिलियाकडे पाहिलं.

ओटिलिया पुढे धावली नव्हती. ती आपल्या जागी उभी होती, पाउलिनाच्या मागे. पाउलिनाच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. निदान तू, असं काहीतरी त्यात होतं. आणि ओटिलियाला, देवाच्या घरात, त्या क्षणी स्वतःबद्दल बरं वाटलं. बाकीच्या कशा, आणि मी कशी.

दोघी दुसऱ्या गटात शेजारी शेजारी गुडघे टेकून बसल्या. पाउलिना प्यायली. पास्टरांनी कड पुसली, पेला फिरवला आणि ओटिलियाच्या ओठांशी आणला. पुसलेल्या जागेवर श्वासाची वाफ अजून होती. ती हळूहळू आक्रसत चालली होती. ओटिलिया त्या वाफेकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे बेर्टा आली नाही, बाळही आलं नाही. कुठलाच विचार आला नाही. ओठ मिटले, इतकंच.

पास्टरांनी सवयीने पेला कलता केला. रस मिटल्या ओठांवर आपटला, हनुवटीवरून ओघळला आणि तिच्या पांढऱ्या कॉलरवर पसरला.

पाउलिनाचा हात आधीच रुमालाकडे गेला होता. ती तीस वर्षांची सवय होती. दुसऱ्याचं काही सांडलं की तिचा हात आधी जाई. तिने रुमाल बाहेर काढला, अर्धा पुढे केला, आणि तिची नजर ओटिलियाच्या तोंडावर पडली. ओठ अजून मिटलेलेच होते. पाउलिनाने रुमालाची घडी पुन्हा नीट घातली आणि तो बाहीत सरकवला.

घरी येताना राइनहोल्ड गाडी चालवताना एकदा म्हणाला, "हात थरथरला होता का पास्टरांचा?" ओटिलिया म्हणाली, "हो." आणि लगेच तिला वाटलं, आता मी पास्टरांवरही ढकललं.

पुढचे दिवस तिने कॉलर धुण्यात घालवले असं म्हटलं तरी चालेल. डाग गेला. पण ती मधूनच गळ्यापाशी हात नेई.

बुधवारी फ्रीडाचा नवरा आला. तो शाळेच्या मंडळावर होता. टोपी हातात फिरवत म्हणाला की शाळेच्या बाईची, मिस डोरानची, राहण्याची सोय बदलावी असं मंडळाला वाटतंय, आणि रीगरांकडे मागची खोली मोकळीच आहे. का बदलावी हे त्याने सांगितलं नाही. राइनहोल्डने विचारलंही, गेर्बरांकडे काय वाईट आहे? तो म्हणाला, "वाईट काहीच नाही." मग ओटिलियाकडे पाहून म्हणाला, "तुम्हाला तर माहीतच आहे, काकू."

मला काही माहीत नाही, असं म्हणायची ती वेळ होती. नियमही तेच सांगत होता. किंवा म्हणता आलं असतं, ती बाई जिथे आहे तिथेच राहू दे, निकाल येऊ दे. ओटिलिया म्हणाली, "खोली झाडून ठेवते."

मिस डोरान विशीतली, पूर्वेकडच्या शहरातून आलेली. संध्याकाळी ती पेटी घेऊन आली आणि जेवताना काट्याने बटाटा इकडून तिकडे करत राहिली. भांडी पुसायला आली तेव्हा तिने विचारलं, "माझं तिथे काही चुकलं का? गेर्बरबाईंनी माझी पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. मी म्हटलं, काही झालंय का, तर म्हणाल्या, स्वेटर घालत जा. बस."

"चुकलं काही नाही गं," ओटिलिया म्हणाली. "त्यांचं घर शाळेला लांब पडतं."

गेर्बरांच्या माडीवरून शाळेची घंटा दिसत असे. इथून शाळा सव्वा मैल. मिस डोरानने पुसलेली थाळी आणखी एकदा पुसली.

त्या रात्री ओटिलियाने स्वतःशी हिशेब मांडला, आणि तिला एक गोष्ट स्वच्छ दिसली. शनिवारी निकाल येईल. तो चांगला आला तर सगळ्या जणी पाउलिनाकडे धावतील, आणि आपणही जाऊ, आणि आपलं जाणं त्या फिल्मकडे जाणं होईल, पाउलिनाकडे नव्हे. तो वाईट आला तर आपण जाणार नाही. म्हणजे जे काही करायचं ते कळायच्या आधी. कळल्यानंतर केलेलं काहीच मोजलं जाणार नाही.

तरी गुरुवारी ती गेली नाही. शुक्रवारीही नाही. रोज बाळाला मांडीवर घेतलं की पाय जड होत.

शनिवार म्हणजे भाजण्याचा दिवस. अकराही घरांत भट्ट्या पेटलेल्या. पातळ लाटलेल्या पोळीत साय आणि अंड्यांचं घट्ट सारण, वर आलुबुखाराच्या फोडी: हे कूखन प्रत्येक घरी रविवारसाठी होई. ओटिलिया पहिलं ताट भट्टीतून काढत होती तेव्हा घंटा वाजली. दोन लांब, एक आखूड.

लॉरेनने बाळाला काखेत सरकवून भोंग्याकडे हात नेला.

"राहू दे," ओटिलिया म्हणाली.

"अहो पण आई, निकाल असेल."

"असू दे. तूही उचलू नकोस."

तिने ताट तसंच ओट्यावर ठेवलं, राइनहोल्डचा कोट अंगावर चढवला आणि कापलेल्या गव्हाच्या खुंटांतून आडवाटेने गेर्बरांच्या घराकडे निघाली. वारा समोरून होता. चालताना तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय याचं तिला बरंही वाटत होतं. म्हणजे अजून काही कळलेलं नाही. अजून वेळ आहे.

पाउलिना स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर अर्धा प्यायलेला कॉफीचा कप होता. ओटिलिया दार ठोठावल्याशिवाय आत आली. "सांगू नकोस," ती धापा टाकत म्हणाली, "काही सांगू नकोस मला." मग तिने पाउलिनाच्या हाताजवळचा तो कप उचलला आणि उरलेली कॉफी पिऊन टाकली. कोमट होती, गोड होती. पाउलिना तीन चमचे साखर घाली.

पाउलिना तिच्याकडे पाहत राहिली. "आता पितेस," ती म्हणाली.

"मी आज फोन उचलला नाही, पाउलिना."

"हो का?"

"शपथ. लॉरेनलाही उचलू दिला नाही. मला अजून काही माहीत नाही."

पाउलिनाने टेबलावरचे साखरेचे कण बोटाने गोळा केले. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ओटिलियाला काहीतरी धरायला मिळालं असतं. "ओटिलिया, मिस हालवर्सनला मी चारदा विचारलं तेव्हा एकदा ऐकू आलं. आवाज त्या मंगळवारी होता तसाच होता. सगळ्या जणी होत्या तारेवर. त्यात एक भोंगा कमी होता की नव्हता, मला कसं कळणार?"

ओटिलियाने तोंड उघडलं. आपण भोंगा उचलला नाही, हे कशानेही सिद्ध करता येत नव्हतं. एका भोंग्याने आवाजात पडणारा फरक माणसाच्या कानाला कळत नाही, हे तिला पाउलिनाइतकंच ठाऊक होतं.

"बस," पाउलिना म्हणाली. "आली आहेस तर बस."

ती बसली. निकाल काय आला हे पाउलिनाने सांगितलं नाही, कारण तिच्या मते ओटिलियाला तो माहीत होता. ओटिलियाने विचारलं नाही, कारण सांगू नकोस असं तिनेच म्हटलं होतं. साऱ्या तारेवर निकाल न कळलेली ती एकटीच होती, आणि तोंडात पाउलिनाच्या कॉफीची चव होती.

मग अंगणात पहिली गाडी आली. फ्रीडा उतरली, हातात फडक्याने झाकलेलं ताट. तिच्यामागून ब्रॉयरांची गाडी. मग आणखी एक. बायका एकेक करून आत आल्या आणि प्रत्येकीच्या हातात कूखन होतं, अजून गरम. ते पाहून ओटिलियाला निकाल कळला. वाईट असता तर एकही ताट आलं नसतं.

"सहजच आले," फ्रीडा म्हणाली. "आज जरा जास्तच झालं होतं."

"माझंही," ब्रॉयरची सून म्हणाली.

पाउलिनाने प्रत्येकीचं ताट घेतलं, आभार मानले, टेबलावर ओळीने मांडलं. मग ती हाताची घडी घालून उभी राहिली. बायकाही उभ्या राहिल्या. त्या वाट पाहत होत्या. पाउलिनाने आता सांगायचं, मग त्यांनी डोळे मोठे करायचे, देवाचे आभार मानायचे, तिला मिठी मारायची. सगळ्यांचे चेहरे आश्चर्यासाठी तयार होते. पाउलिना काही सांगेना.

शेवटी फ्रीडाला राहवलं नाही. "मग मिस डोरानला सोमवारी इकडे परत पाठवायचं ना? माझे हे म्हणत होते, आता काही हरकत नाही."

"हरकत आधी काय होती?" पाउलिनाने विचारलं.

फ्रीडाचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. तिने ओटिलियाकडे पाहिलं, जणू ओटिलिया काही तोड काढेल. मग विषय बदलायला मिळाला म्हणून घाईने म्हणाली, "अगं, तू तर आमच्याही आधी पोचलीस! ताटसुद्धा न घेता?"

ओटिलियाला सांगायचं होतं. मी घंटा वाजताच निघाले. काही न कळता निघाले, आणि काही न कळता प्यायले. तिने त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं. यातल्या कुणीही तिच्यावर विश्वास ठेवला नसता. आणि ठेवला असता तरी हे ज्या एकीला कळायला हवं होतं, तिला ते आधीच सांगून झालं होतं. शिवाय तिला आठवलं की मधले गुरुवार आणि शुक्रवारही होते. तेव्हाही निकाल कळलेला नव्हता.

"तिचं घर जवळ आहे ना," पाउलिना म्हणाली.

एरवी या घरात ओटिलिया स्वतः कपाट उघडून आपली बशी घेई. आज ती उठायला लागली तर पाउलिनाने तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून तिला बसवलं, पाहुणीला बसवतात तसं. मग पाउलिनाने कपाटातल्या वरच्या फळीवरच्या, निळ्या कडेच्या बशा काढल्या, आणि फ्रीडापासून सुरुवात करून प्रत्येकीपुढे एक मांडली. ओटिलियापुढेही.